म्हातारीचा हात

म्हातारी वाकली होती ती वयानं नव्हे; रुजली तेव्हापासून ती तशीच होती. मॉन्टेरेच्या दक्षिणेला, खाडीच्या उत्तर अंगाला खडकाचं एक टोक समुद्रात शिरलेलं आहे. माती तिथे औषधाला नाही. त्या टोकावर एका भेगेत मुळं खुपसून हे सरूचं झाड उभं होतं. समुद्राच्या बाजूला त्याला एक धड फांदी नव्हती. तिकडे फुटलेली प्रत्येक पालवी वाऱ्यानं आणि खारानं करपवून टाकली होती. जे काही वाढलं ते समुद्राकडे पाठ करून, जमिनीच्या दिशेनं. माथा छाटल्यासारखा सपाट, पाला काळपट हिरवा, दाट, आणि चुरगाळला तर लिंबासारखा वास. सावलीतल्या फांद्यांवर गंजाच्या रंगाची लव चढलेली. सगळ्यांत खालची फांदी सगळ्यांत लांब. ती आडवी जमिनीकडे गेली होती आणि टोकाला पसरली होती, दारात उभं राहून कुणाला तरी बोलवावं तशी. म्हणून झाडाला म्हातारी म्हणत आणि त्या फांदीला म्हातारीचा हात.

बेल्मिरोनं तिला जन्मभर पाहिलं होतं. त्याच्या आयुष्यात ती वीतभरही उंच झाली नाही. नुसती जाड होत गेली, एक फांदी वाळवायची आणि दुसरी पुढे रेटायची, असं करत. तिच्याच बोंडातलं बी त्याच्या बायकोनं, देल्फिनानं, मुलाच्या जन्माच्या वर्षी घरामागच्या आडोशाला लावलं. वारा नाही, खार नाही, माती भरपूर. ते झाड सरळसोट वर गेलं आणि त्या मुलाला, आदेलिनोला, मिसरूड फुटायच्या आत धुराड्याच्या दुप्पट झालं. नवखा माणूस विचारायचा, हे झाड कुठल्या जातीचं? देल्फिना म्हणायची, "रक्त एकच हो. ती तिथे सासरी नांदते, ही माहेरी राहिली." देल्फिना गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. झाडं दोन्ही होती.

या खाडीत बोट आणणं हा पोरखेळ नाही. टोकाच्या पायथ्याशी पाण्याखाली एक खडक दबा धरून बसलेला आहे. त्याचं नाव मांजर. भरतीला तो दिसत नाही आणि ओहोटीला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्यामुळे प्रत्येक बोटवाल्याची आपली एक खूण असते. किनाऱ्यावरची एक वस्तू दुसरीच्या रेषेत आली की सुकाणू फिरवायचं. अझोर बेटांवरून आलेल्या या पोर्तुगीज कोळ्यांत खूण ही झाकली मूठ. ती बाप मुलाला देतो, कानात, आयुष्यात एकदाच, आणि देताना तिसऱ्या माणसानं पाठ फिरवायची. कुणाला स्वतःची नवी खूण सापडली तर ती फक्त बायकोला सांगायची. तो बुडाला तर बायकोनं ती घरातल्या वडीलधाऱ्याकडे परत आणून द्यायची. खुणा गुप्त असल्या तरी त्यांच्याशी खेळ होऊ नये म्हणून आणखी एक रीत होती. किनाऱ्यावर काही तोडायचं, बांधायचं, छपराचा रंग बदलायचा झाला, तर बोटवाल्यांच्या घरोघर जाऊन विचारायचं, "मी अमुक करतोय, चालेल?" समोरचा नुसतं "चालेल" म्हणणार किंवा "नको" म्हणणार. का ते कुणी विचारायचं नाही.

बेल्मिरोनं आपली खूण मुलाला दिली नव्हती. आदेलिनोचं लग्न झालं, त्यानं स्वतःची मोटारबोट घेतली, तरी नाही. शेवटी एका रविवारी, जेवणाच्या ताटावर, पोरानं विषय काढला.

"बाबा, आता तरी द्या. मी काय गाश्पारकाकांच्या बोटीच्या मागे मागेच यायचं का जन्मभर?"

"मग येतोस ना दुसऱ्याचं शेपूट धरून? तसंच ये. अजून तू त्या मागच्या झाडासारखा आहेस. उंची तेवढी आहे. वारा लागलाय कुठे?"

"लागू द्या की मग! तुम्ही तरी आडोसा कशाला धरून बसलाय?"

आदेलिनोची बायको लिदिया दोघांच्या मध्ये पावाची टोपली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "बाबा, हसून द्या नाहीतर हसून नको म्हणा. असं टोचून कशाला?" पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथे तर सुंभही जळला नव्हता. आदेलिनो ताटावरून उठला. पुढे नवरा-बायको गावात राहायला गेली. लिदिया मासे डब्यात भरायच्या कारखान्यात जाऊ लागली. बोट मात्र खाडीतच राहिली, कारण गावच्या धक्क्यावर नवख्याला कुणी जागा देत नाही. तीन वर्षं बाप-लेक एकाच वाळूवरून जात-येत राहिले आणि एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत.

मग या वर्षी वसंतात उशिरा एक वादळ आलं. रात्रभर झोडपलं. सकाळी बेल्मिरो टोकावर गेला तर म्हातारी हलली होती. समुद्राच्या बाजूची मुळं भेगेतून बोटभर वर आली होती आणि त्या लांब हाताच्या ओझ्यानं सगळं झाड जमिनीकडे कललं होतं. म्हातारा तिथेच खाली बसला. त्याची खूण म्हातारीच्या बुंध्यावर होती. बुंधा पांढऱ्या कपारीवर आला की वळायचं, ही त्याच्या बापाची खूण, वल्ह्यांच्या दिवसांतली. म्हातारी पडली तर खूण मेली. आणि आपण पडलो तर? तरी मेलीच. त्याला पहिल्यांदाच कळलं की आपण जी मूठ एवढी आवळून धरली आहे तिच्यात काही टिकणारं नाही. त्यानं तिथेच ठरवलं. पवित्र आत्म्याच्या सणाला आदेलिनो उत्तरेकडून रावस पकडून परतेल, तेव्हा त्याला इथे, या झाडाखाली आणायचं आणि कानात खूण सांगायची. पोरगा नाही म्हणाला तर पाया पडायचं. बापानं मुलाच्या पाया पडू नये असं कुठे लिहिलंय?

पण देण्याआधी खूण धड असायला हवी. पुढच्या वादळात हात म्हातारीला खाली ओढणार, हे कुणीही सांगितलं असतं. हात तोडला तर बुंधा वाचेल. बेल्मिरो रीतीप्रमाणे घरोघर गेला. सगळे "चालेल" म्हणाले. शेवटी तो गाश्पारकडे आला. गाश्पार म्हणजे आदेलिनोचा धर्मबाप, बेल्मिरोचा जिवाभावाचा, म्हणून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत.

"चालेल," गाश्पार म्हणाला. "पण कोंपाद्रे, आदेलिनोला विचारलंस?"

"तो उत्तरेला आहे."

"आठ-पंधरा दिवसांत येईल. थांबू की."

"कशाला? त्याला मी खूण दिलीच नाही, तर त्याच्याकडे असणार कुठून? तुझ्याच तर मागे येतो."

"हल्ली येत नाही रे. दोन वर्षं झाली. एकटाच येतो."

"मग दुसऱ्या कुणाच्या मागे येत असेल! ज्याच्याकडे बैल नाही त्याला वेसण कसली विचारायची?"

गाश्पारनं खांदे उडवले. सण तोंडावर होता आणि म्हाताऱ्याचा उत्साह त्याला बऱ्याच वर्षांनी दिसत होता. "चल बाबा, करवत घे. तू ऐकणार थोडाच. तुझी देल्फिना म्हणायचीच, याच्याशी वाद घालण्यापेक्षा म्हातारीशी घाल, निदान वाऱ्याबरोबर मान तरी हलवते."

दोघं एकाच करवतीच्या दोन टोकांना बसले. लाकूड चिवट, आत पिवळसर, आणि करवत शिरली तसा असा वास सुटला की बेल्मिरोला बायकोची कपड्यांची पेटी आठवली; कसर लागू नये म्हणून ती त्यात सरूच्या ढलप्या ठेवायची. हात खडकावर कोसळला तेव्हा म्हातारी खरोखरच थोडी सरळ झाली. मुळं पुन्हा भेगेत बसली. बेल्मिरोनं बुंध्यावर थाप मारली आणि म्हणाला, "बघ, सुटलीस." त्यानं फांदीचे तुकडे करून घरामागे रचले. सणाचा रस्सा याच लाकडावर शिजवायचा, असंही त्याच्या मनात होतं. पाव घातलेला, वरून पुदिना टाकलेला, आदेलिनोला आवडतो तसा. त्या आठवड्यात म्हातारा वाळूवरच्या कुणाशीही बोलताना हसायचा. लोकांना वाटलं, याला झालंय काय.

सणाच्या आदल्या संध्याकाळी आदेलिनोची बोट मांजरीवर फुटली.

अंधार पूर्ण पडला नव्हता. पाण्यावर धुकं होतं, पण वर टेकडी दिसत होती. वाळूवर जाळी सुकवणाऱ्या दोघा-तिघांनी पाहिलं. बोट उत्तरेकडून नेहमीच्या वेगानं आली, टोकापाशी आली आणि भलतीकडेच वळली, सरळ खडकावर. फळ्या मोडल्याचा आवाज बेल्मिरोनं आपल्या अंगणातून ऐकला. होडी घेऊन लोक पोचेपर्यंत लाटांनी व्हायचं ते केलं होतं. आदेलिनो सकाळी मिळाला. गाडीत घालून त्याला गावात लिदियाकडे नेलं आणि गावाच्याच दफनभूमीत, देल्फिनाच्या शेजारी, पुरलं. सणाचा रस्सा कुणी शिजवला नाही.

आणि तोंडं काय गप्प बसतात? खाडीत जन्मलेला पोरगा, उजेड असताना मांजरीवर चढतो कसा? एकजण म्हणाला, उत्तरेकडच्या बंदरात दारू स्वस्त असते. दुसरा म्हणाला, खिशात पैसे आणि उद्या सण, घेतली असेल थोडी. तिसऱ्यानं "थोडी" काढून टाकलं. बेल्मिरोच्या कानावर हे आलं तेव्हा त्यानं ते खोडलं नाही. उलट त्याला संताप आला, मेलेल्या मुलाचा संताप. एक दिवस थांबला असता गाढव, तर काय बिघडलं असतं? मी द्यायला बसलो होतो आणि तू पिऊन आलास! दुःखापेक्षा राग धरायला सोपा असतो. म्हाताऱ्यानं तो धरला, आणि वाळूवर कुणी 'प्यायला होता ना?' असं विचारलं तेव्हा होकारार्थी मान हलवली. ती मान हलवलेली सगळ्यांनी पाहिली.

सातव्या दिवसाच्या मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या, आदल्या संध्याकाळी लिदिया आली. धुकं इतकं दाट होतं की अंगणातून टोक दिसत नव्हतं. काळ्या ओढणीवर दवाचे थेंब घेऊन ती दारात उभी राहिली. बेल्मिरोनं तिला चुलीजवळ बसवलं आणि दोन लाकडं आत सारली. चुलीच्या कडेला सरूची बोंडं पडली होती. उष्णतेनं ती टक टक उलत होती आणि त्यांतलं बी जमिनीवर सांडत होतं.

"बाबा, मी बसायला आलेले नाही," ती म्हणाली. "परत द्यायला आलेय."

"काय?"

"खूण."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. "कुणाची खूण?"

"त्यांची. दोन वर्षांपूर्वी सापडली त्यांना. त्या दिवशी घरी आले ते नाचतच आले. म्हणाले, बाबांनी नाही दिली ना, म्हातारीनं दिली. आता मी कुणाच्या मागे येणार नाही."  तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "तुम्हाला सांगायची फार इच्छा होती त्यांना. रीतीनं सांगता येत नाही म्हणून गप्प राहिले. म्हणायचे, म्हाताऱ्याला कळलं तर किती जळेल, आणि किती खूश होईल."

ती उठून त्याच्याजवळ आली, वाकली, आणि घरात दुसरं कुणीही नसताना रीतीप्रमाणे कानात बोलली. "टेकडीवरच्या दुधवाल्यांचा पांढरा गोठा. उत्तरेकडून येताना तो म्हातारीच्या हाताआड झाकलेला असतो. बोटांच्या टोकापलीकडे अख्खा बाहेर आला की वळायचं."

 बेल्मिरोच्या डोळ्यांपुढे बोट आली. पोरगा सुकाणूवर, दमलेला, डोळे फक्त त्या पांढऱ्या गोठ्यावर. गोठा बाहेर आला. लवकर आला. हातच नव्हता, तो झाकणार कशानं? पोरानं खुणेवर विश्वास ठेवला आणि वळला.

"लोक काही म्हणू देत," लिदिया पुन्हा बसत म्हणाली. "ते प्यायले नव्हते. उत्तरेला निघण्याआधीच सोडली होती. सणाला तुमच्याशी बोलणार होते ना, तर तोंडाला वास नको म्हणाले. मला कळत नाही ते मांजरीवर गेले कसे. पण तुम्ही तरी मान हलवायला नको होती, बाबा. गाश्पारकाकांनी सांगितलं मला." मग ती म्हणाली, "धुकं उठलं की तो हात मला दाखवाल? रोज बोलायचे त्याच्याबद्दल. मी कधी नीट बघितलाच नाही."

चुलीत एक गाठाळ लाकूड फुटलं. लिंबाचा वास घरभर पसरला.

"लिदिया," म्हातारा म्हणाला, "तू ज्याच्यावर हात शेकते आहेस ना, तोच तो."

तिला आधी समजलं नाही. मग त्यानं सगळं सांगितलं: मुळं वर आलेली, घरोघर विचारलेलं, गाश्पार थांबू म्हणाला ते, आपण बैल आणि वेसण म्हणालो ते. का तोडलं तेही सांगितलं, कुणाला काय द्यायचं होतं तेही. सांगताना तो रडत नव्हता, घाईघाईनं बोलत होता. लिदियानं हात चुलीवरून मागे घेतले आणि ओढणीखाली लपवले. ती उठली, बाहेर गेली, अंगणात धुक्यात उभी राहिली. बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला, "सगळ्यांना विचारलंत, बाबा. सगळ्यांना!" त्यानंतर ती परत आत आली नाही. गाश्पारच्या घरी जाऊन झोपली.

मिस्सा संपल्यावर पुरुष नेहमीप्रमाणे चर्चच्या दारात टोप्या हातात घेऊन घोळक्यानं उभे होते. बेल्मिरो पायरीवर थांबला. काखेत सरूचा एक तुकडा होता, फांदीच्या टोकाचा, पाला अजून हिरवा असलेला. तो मोठ्यानं म्हणाला, "माझ्या मुलाची खूण ऐका."

घोळक्यात चुळबुळ झाली. दोघांनी रीतीनं पाठ फिरवली. एकजण म्हणाला, "काका, अहो काय करता? खूण अशी सांगतात का?"

"फिरवू नका पाठ. इकडे बघा." त्यानं सगळी खूण सांगितली, गोठा, हात, बोटं, वळण, शब्द न शब्द. मग तो तुकडा वर धरला. "हा तो हात. मी तोडला. तो प्यायला नव्हता. तो बरोबर वळला. चुकीच्या जागी किनारा होता."

 गाश्पार घोळक्यातून पुढे आला, पायरी चढला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला. "करवतीला दोन टोकं असतात, कोंपाद्रे," तो म्हणाला. "एक माझ्या हातात होतं." ज्या माणसानं "थोडी" काढून टाकलं होतं, तो टोपी छातीशी धरून लिदियाकडे गेला आणि काहीतरी पुटपुटला. लिदियानं मान हलवली. तिला ते ऐकू आलं की नाही, कोण जाणे.

दफनभूमी चर्चच्या मागेच. बेल्मिरो तिकडे निघाला तेव्हा लिदियाही काही अंतरावरून निघाली. त्याच्याशी ती बोलली नव्हती. आदेलिनोच्या ताज्या मातीपाशी म्हातारा गुडघ्यांवर बसला. गुडघे वाकायला वेळ लागला. तुकडा त्यानं मातीवर ठेवला, पुन्हा उचलला, बाजूला ठेवला. मग दोन्ही तळवे टेकून तो इतका खाली वाकला की त्याचे ओठ मातीला लागले.

लिदियाला कळलं तो काय करतोय ते. तिनं ओढणी डोक्यावरून नीट घेतली आणि रीतीप्रमाणे पाठ फिरवली.